खुडूक कोंबडीखाली व्हला

आमच्या घरामागून माथेरानच्या डोंगराकडे एक पायवाट चढते. त्या वाटेवर सकाळी एक पक्षी चालताना दिसतो. उडताना नाही, चालताना. बांबूच्या बेटाखालून निघतो, वाटेच्या उघड्या मातीवर येतो आणि पडलेलं बी टिपत, मान पुढे-मागे करत आपला आपला जातो. पाठ आणि पंख हिरवेगार, उन्हाची तिरीप पडली की तांब्याची झाक मारणारे. छाती जांभळट, चोच लाल. नराच्या कपाळावर पांढरी पट्टी असते, मादीचा रंग सगळाच जरा मळकट. पुस्तकात ह्याला पाचू कवडा म्हणतात, आमच्याकडे हिरवा व्हला. जात कबुतराची.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. त्यामुळे घरात माझ्या मताला कोणी विचारत नाही, पण पाखरांकडे बघत बसायला मोकळीक आहे. ‘बाईंचं काम चाललंय’ असं समजतात. ह्या व्हल्याकडे मी बरीच वर्षं बघत आलेय. आवाज घशातून काढतो, ‘हूंऽऽ’ असा, लांबलचक. कोणीतरी तोंड मिटून कण्हावं तसा तो वाटतो, आणि जवळून येतोय की लांबून ते कधीच कळत नाही. अगदी पायाशी गेलात तर उडतो, पण वर जात नाही. गुडघाभर उंचीवरून, झाडांच्या खोडांमधून, सुसाट सरळ निघून जातो. शेपटीच्या वरचे काळे-पांढरे पट्टे तेवढे दिसतात आणि संपलं. पाणी पिताना चोच बुडवतो आणि ओढून घेतो. कोंबडीसारखं घोटाघोटाला मान वर करणं नाही. हा फरक मी वर्गात कितीदा सांगितलाय. पुढं तो माझ्याच पडवीत उभा राहील असं काही वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे होती. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. दूध मात्र आलं नाही. येईल येईल म्हणता थेंबाथेंबानं आलं आणि तेही आटलं. नातीचं वजन उतरायला लागलं तेव्हा कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, पावडरचं दूध सुरू करा, उगाच हट्ट नको. आम्ही सुरू केलं. पोरीचे गाल भरले, वेळेवर झोपायला लागली, रडली की चार घरं ऐकू जाईल एवढा आवाज. तिची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार होती माझ्या सासूबाईंची. त्यांनी लेकीला अळिवाची खीर घातली, मेथीचे लाडू घातले, खसखस झाली, शतावरी झाली, कोणी सांगितलं म्हणून सुरणही झाला. उपयोग शून्य. मग त्यांची जीभ सुटली. आपण चार पोरं अंगावर वाढवली, वर शेजारणीचंही पाजलं, हे त्यांचं पालुपद माझ्या लग्नापासून मला पाठ आहे. ते आता सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता, कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “बाटलीवरचं पोर आयला वळखत नाय.”

लेक आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं.

त्या दिवसापासून ती बाटली उकळायची, दूध कालवायची, मनगटावर थेंब टाकून बघायची आणि बाळ माझ्याकडे द्यायची. तू पाज म्हणायची, तुझ्याकडे नीट पिते. काही नीट पीत नव्हती, कोणाकडेही सारखीच पीत होती. पाजून झालं तरी ही घ्यायला यायची नाही. धुण्याला लागायची, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडायची. मी शाळेतून आले की बाळ बहुतेक पाळण्यात आणि ही दुसऱ्या खोलीत. मी तिला सगळं शास्त्र सांगितलं. मूल वास ओळखतं, आवाज ओळखतं, दुधाचा त्याच्याशी संबंध नाही. तिनं मान हलवली. मागच्या बाकावरची मुलं हलवतात तशी. मी सासूबाईंशी भांडलेही, चांगली कडाकडा भांडले. त्या म्हणाल्या, मी खोटं काय बोलले? जुनी माणसं सांगत आली तेच सांगितलं. मला एकच भीती होती, ही पोरगी आपल्या लेकीपासून हात काढून घेत चालली होती. एकदा हात सुटला की पुन्हा धरायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही.

एप्रिलात मागच्या टेकाडावर जेसीबी आला. कोणा मुंबईकरानं प्लॉट घेतला होता, तिथवर रस्ता हवा होता. सासूबाई त्याच बाजूला करवंदं काढायला गेल्या होत्या. जेसीबीनं करवंदीची एक जाळी मुळासकट उपटली आणि तिच्यातून व्हला उडाला. व्हल्याचं घरटं म्हणजे चार काटक्या आडव्या, चार उभ्या. खालून बघितलं तर आतली अंडी दिसावीत. इतकी बेफिकिरी मी दुसऱ्या कुठल्या पाखरात पाहिलेली नाही. पण ती अंडी त्या धक्क्यातही फुटली नव्हती. दोन होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची. सासूबाईंनी ती पदरात घातली आणि करवंदांसकट घरी आल्या.

इथं एक सांगायला हवं. आमच्या आळीत कोंबडी अंड्यांवर बसवावी तर सासूबाईंनीच. खुडूक झालेली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसू बघणारी कोंबडी ओळखणं, पाटीत राख आणि पेंढा घालणं, अंडी उन्हाला धरून पारखणं, वळवाच्या गडगडाटानं अंडी खराब होऊ नयेत म्हणून पाटीत कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवणं, हे सगळं त्यांचं. लोक लांबून अंडी आणून देतात. कोंबडीखाली त्यांनी बदकाची अंडी उबवलीत, गिनी कोंबडीची उबवलीत, एकदा रानकोंबडीची. सगळी पिल्लं पायावर उभी राहून चालायला लागली. आमची काळी कोंबडी तेव्हा आठवडाभर आधीच बसवलेली होती. सासूबाईंनी अलगद हात घातला आणि व्हल्याची दोन्ही अंडी तिच्या पोटाखाली सरकवली.

मी म्हटलं, अहो, हे कबुतर आहे. त्या म्हणाल्या, कबूतर कधी भुईवर राहतं का? हा भुईवर चालतो, भुईवर खातो. ही रानातली बारकी कोंबडीच. खरं सांगायचं तर युक्तिवाद वाईट नव्हता. डोळ्यांना दिसतं तसंच त्या बोलत होत्या. माझ्या वर्गातल्या हुशार पोरानंही हेच उत्तर दिलं असतं. आणि मला वाटलं, ही अंडी धक्क्यानं गेलेलीच असणार, मग भांडण कशाला ओढवून घ्या.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. व्हल्याचं अंडं उबायला कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर कमी लागतं. त्यामुळे सगळी एकदमच फुटायला आली. व्हल्याचं एक नासलेलं निघालं. दुसऱ्यातून जे बाहेर आलं ते सासूबाईंनी वाकून पुन्हा पुन्हा बघितलं. कोंबडीची पिल्लं दुपारपर्यंत वाळून पिवळी-काळी, टकटक डोळ्यांची, तुरुतुरु झाली. हे मात्र काळपट कातड्याचं, नागवं, अंगावर चार पिवळसर केस, डोळे मिटलेले, डोकं पेलत नाही असं. कोंबडीनं त्याला काही केलं नाही. आपल्यांबरोबर पंखाखाली घेतलं, ऊब दिली. पण दुसऱ्या दिवशी ती उठली, कॉक् कॉक् करत पिल्लं घेऊन अंगणात उतरली आणि उकिरडा उकरायला लागली. हे पाटीतच राहिलं.

सासूबाईंनी ते उचलून कोंबडीच्या मागं नेऊन ठेवलं. ते कलंडलं. पुढ्यात कण्या टाकल्या. डोळेच उघडले नव्हते, कण्या काय दिसणार! पुन्हा उभं केलं, पुन्हा कलंडलं. “करायला गेले गणपती आन झाला मारुती,” असं पुटपुटत त्यांनी ते परत पाटीत ठेवलं.

मग मी सांगितलं. हा भुईवर राहत असला तरी पिल्लांच्या बाबतीत कबुतरच आहे. ह्याच्या पिल्लांना चालता येत नाही, टिपता येत नाही. आई-बापाच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं दाट काहीतरी तयार होतं. पिल्लू त्यांच्या तोंडात चोच खुपसून ते ओढून घेतं. मादीला येतं तसं नरालाही येतं. सासूबाईंनी डोळे मोठे केले. “नर बी पाजतो?” म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग तुझ्या नवऱ्याला दाखव जरा, नुसता शिफ्टवरून येऊन लोळतो. आम्ही दोघी हसलो. पडवीच्या दाराशी लेक उभी होती, ती हसली नाही. ती पाटीकडे बघत होती.

रानपाखरू घरात ठेवायचं नसतं हे मी वर्गात शिकवते. पण त्याचं घर तर जेसीबीनं उचलून टाकलं होतं. मी कोंबडीच्याच उकडलेल्या अंड्याचा बलक कोमट पाण्यात पातळ केला, औषधाचा ड्रॉपर घेतला आणि त्याची चोच उघडायला गेले. नाकातून बाहेर आलं, ते गुदमरलं, मी घाबरले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, “नको छळू त्याला. मरू दे. आयेचं नाय तर कोनाचंच नाय.”

मला पाखरापेक्षा त्या वाक्याचा राग आला. मी मागं वळून काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात लेक पुढं आली. तिनं बाटलीचं एक जुनं निपल आणलं होतं. कात्रीनं त्याचं भोक मोठं केलं, त्यात तो बलक भरला आणि निपल आडवं धरून पिल्लाच्या चोचीला लावलं. तिनं काही उघडलं नाही, ढोसलं नाही. पिल्लानंच चोच त्या भोकात खुपसली आणि अख्खं अंग थरथरवत ओढायला लागलं. मला सुचायला हवं होतं. तोंडात देणं नव्हे, तोंड घालू देणं, हे मीच तर पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. लेकीच्या हाताला ते आधी कळलं.

मग आमच्या घरात दोन बाटल्या उकळायला लागल्या. बलकानंतर भिजवलेले मूग वाटून, मग नाचणीची पातळ पेज. पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी भरली की दोन्ही बाजूंना फुगायची, त्यावरून लेक ओळखायची, आता पुरे. पाटीवर कमी उजेडाचा बल्ब टांगला, पण एप्रिल महिना आमच्याकडे तसाही पाटीत शिजवतोच. मी शाळेतून आले की आधी पाटीत बघायचे. जिवंत आहे? आहे. ते मेलं असतं तर काय झालं असतं हे मला डोळ्यांपुढं स्पष्ट दिसत होतं. कोणी काही बोललं नसतं, पण लेकीला उत्तर मिळालं असतं. मी देवाला फारसं काही मागत नाही, त्या दिवसांत मात्र येता-जाता मागायचे.

पिल्लू वाढत होतं, पण मूळ दुखणं जागच्या जागी होतं. जावई एका रविवारी चौक गावाहून आला. त्याचं तिथं हायवेला गॅरेज आहे. आला तेव्हा त्याची बायको पडवीत बसून पाखराला निपलनं पाजत होती, आणि त्याची मुलगी माझ्या मांडीवर बाटलीनं पीत होती. तो चप्पल हातात धरून तसाच थांबला. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं देव जाणे. पाखरू पाजायला ही तयार होती, कारण पाखरानं आई म्हणून ओळखावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. हे मला कळत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

सासूबाई त्या वाक्यानंतर गप्प होत्या. मागं घेतलं नाही, पण पुन्हा बोलल्याही नाहीत. पेंढा बदलायच्या, मूग वाटून द्यायच्या, कोंबडीला पाटीकडे फिरकू द्यायच्या नाहीत. लेक पिल्लाला पाजत असली की लांब बसून टक लावून बघायच्या. मला वाटायचं, आपली बसवणूक चुकली ह्याचा त्यांना कमीपणा वाटतोय.

पिल्लाला आधी सुयांसारखी पिसं फुटली, मग त्या सुया उलगडल्या. पंखावर पहिला हिरवा रंग दिसला तेव्हा लेकीनं मला हाक मारून दाखवला. डोळे उघडले, पाय धरले, आणि मग मात्र सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. ते चालायला लागलं. पडवीभर चालायचं. मुगाचे दाणे, नाचणी, वाळूचे खडेसुद्धा टिपायचं. पाणी ताटलीत ठेवलं की चोच बुडवून एका दमात ओढायचं. कोंबडीची पिल्लं शेजारी घोट घेऊन मान वर करायची, आणि हे त्यांच्यात खाली मान घालून पीत राहायचं. निपल दिसलं की मात्र अजूनही धावत यायचं. लेकीच्या पायाशी पंख थरथरवायचं.

मेच्या शेवटाला एका सकाळी ते पडवीची पायरी उतरलं, अंगणातून चालत कुंपणापर्यंत गेलं आणि थांबलं. लेक मागोमाग गेली. हातात निपल होतं. ते पुढं चालत गेलं, बांबूकडच्या पायवाटेवर आलं, दोनदा माती टोचली, आणि उडालं. गुडघाभर उंचीवरून, खोडांमधून, सरळ. ते काळे-पांढरे पट्टे दिसले आणि संपलं. आम्ही बराच वेळ थांबलो. कण्हल्यासारखा तो आवाज एकदा आला, पण तो कोणाचाही असू शकत होता.

लेक परत येऊन पडवीत बसली. म्हणाली, “गेलं. ओळखसुद्धा दाखवली नाही.” आवाजात रडू नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं. मी शिक्षिका आहे, मला लगेच बोलावंसं वाटतं. मी म्हटलं, अगं, रानात सख्ख्या आई-बापांनी वाढवलेली पिल्लंसुद्धा अशीच जातात, त्यात ओळखीचं काही नसतं. ती म्हणाली, तेच तर. मी बाळाला मांडीवर घेऊन बाटली देत होते, ती देत राहिले. त्या घडीला मला त्या पाखराचा, माझ्या शास्त्राचा आणि सासूबाईंचा सारखाच संताप आला होता.

सासूबाई पलीकडं बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. हात न थांबवता, मान खालीच ठेवून त्या लेकीला म्हणाल्या, “तुज्या बापाला मी पाजला नाय.”

आम्हाला दोघींनाही आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मधेच सालं झटकत. माझा नवरा त्यांचा थोरला. तो झाला तेव्हा त्यांना दूध आलंच नाही. अळीव झालं, मेथी झाली, सगळं झालं. पोर वाळत चाललं. वरच्या ठाकरवाडीतली एक आदिवासी बाई तेव्हा आमच्या शेतावर लावणीला यायची, तिचंही पोर अंगावर होतं. ती आपलं पोर पाजून झालं की गोठ्यात जाऊन सासूबाईंचं पाजायची. गोठ्यात, कारण वाडीवरच्या बाईचं दूध पोराला चालतंय हे आळीत कळलं असतं तर त्यांच्या सासूनं त्यांना घरात ठेवलं नसतं. बाहेर सांगायचं ते उलटं सांगितलं, की सासूबाईंनाच एवढं दूध आहे की शेजारणीचंही पाजतात. पुढच्या तीन पोरांना दूध आलं, आणि खोटं खरं होऊन गेलं. ती बाई कधीच वारली. माझ्या नवऱ्याला हे अजून ठाऊक नाही. सासूबाई हे सांगत होत्या तेव्हा ते साजगावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला होते.

मी इतकी वर्षं त्या पालुपदावर मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले होते. लेकीनं विचारलं. फार हळू विचारलं.

“मग बाबांनी तुला ओळखलं, आजी?”

सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. हातातला वाल तसाच राहिला. म्हणाल्या, “मी त्याला रोज मांडीवर घेऊन बसायची. माजी लाज जाईना, तरी घेऊन बसायची. आता साठीला आलाय त्यो. कामावरनं आला की चप्पल काडायच्या आदी काय इचारतो, ऐकलंस ना तू? आय जेवली का, इचारतो.”

लेक उठली. तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं, अर्धी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि सासूबाईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.